अनंत दर वर्षी पिवळा पडतो, कळ्या गळतात: कारण कसं शोधायचं

मार्च लागला की आमच्या कॉलनीत हा प्रश्न हमखास निघतो. अनंताला कळ्या धरतात, वाटाण्याएवढ्या होतात, मग पिवळ्या पडून देठासकट गळतात. त्याआधी महिनाभर शेंड्याची पानं फिकट झालेली असतात. विचारायला येणाऱ्याने तोवर शेणखत घातलेलं असतं, डीएपी खताचे दाणे टाकलेले असतात, कुणी सांगितलं म्हणून अंड्याची टरफलंही चुरून घातलेली असतात. पावसाळ्यात झाड जरा हिरवं होतं, सगळे निर्धास्त होतात, आणि संक्रांत झाली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मी या चक्रात चार वर्षं काढली आणि दोन झाडं गमावली. तिसरं झाड आता कुंडीत छातीएवढं झालंय, आणि गेल्या जूनमध्ये एका सकाळी त्यावर अकरा फुलं मोजली. मधल्या काळात जे कळलं ते इथे सविस्तर लिहिते. बारा महिने हिरवं राहणारं आणि एका फुलाने अख्खी गॅलरी दरवळून टाकणारं झाड दारात असताना ते दर वर्षी असं कण्हत राहावं, हे मला बघवत नाही.

आधी पान हातात घ्या

माझे दीर शिरोळ तालुक्यात ऊस करतात. होळीला घरी आले होते. चहाचा कप घेऊन गॅलरीत गेले, अनंताचं शेंड्याचं एक पान दोन बोटांत धरून उन्हाकडे केलं आणि म्हणाले, "वैनी, ह्याला तर केवडा पडलाय की!"

ऊसवाल्या घरात हा शब्द रोजचा. उसाची, त्यातही खोडव्याची (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसाची), कोवळी पानं पिवळी-पांढुरकी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, त्याला आपल्याकडे केवडा म्हणतात. कारण लोहाची कमतरता.

"भावजी, पण मी तर दर महिन्याला शेणखत घालते," मी म्हटलं.

"शेणखत घालून काय होतंय? आमच्या चुनखडीच्या पट्टीत बघा, जमिनीत लोह हाय, पर पिकाला मिळत न्हाई. पाणी कसलं घालताय ह्याला?"

पाणी बोअरचं. त्या दिवसापासून मी खताचा विचार सोडला आणि पाण्याचा सुरू केला.

त्यांनी दाखवलेलं ते पान अजून डोळ्यांसमोर आहे. लोण्यासारखं फिकट, जवळजवळ आरपार दिसणारं, आणि त्यावर हिरव्या शिरांची बारीक जाळी. त्याच फांदीवर वीतभर खाली जुनी पानं मात्र गर्द, तेल लावल्यासारखी चकचकीत. हा फरक फार महत्त्वाचा आहे. लोह एकदा पानात बसलं की झाडाला ते तिथून काढून दुसरीकडे नेता येत नाही. त्यामुळे तुटवडा पडला की उपाशी राहतात ती नवी पानं. नत्र आणि मॅग्नेशियमचं उलटं असतं. ते झाड जुन्या पानांतून ओढून शेंड्याला देतं, म्हणून त्यांचा तुटवडा आधी खालच्या पानांवर दिसतो. नत्र कमी असेल तर खालचं अख्खं पान एकसारखं फिकट होतं, मॅग्नेशियम कमी असेल तर खालच्या पानाच्या कडा पिवळ्या आणि मधोमध देठाकडून वर जाणारा हिरवा पट्टा राहतो.

म्हणून "पानं पिवळी पडलीत" एवढं सांगून भागत नाही. कुठली पानं, वरची की खालची, आणि शिरा हिरव्या आहेत का, हे बघितल्याशिवाय दुकानात जाऊ नका. एप्सम सॉल्ट सगळ्यांच्या घरात आलंय आजकाल, पण ते मॅग्नेशियम आहे. शेंडा पिवळा असताना ते घालून काहीही होणार नाही. आणि थंडी सरताना आतल्या बाजूची चार-सहा जुनी पानं पूर्ण पिवळी होऊन गळत असतील, तर ते झाडाचं नेहमीचं वागणं आहे. त्याला हात लावू नका.

शंका राहिली तर एक खात्रीची परीक्षा आहे. खतांच्या दुकानात फेरस सल्फेट मिळतं, जुनी माणसं त्याला हिराकस म्हणतात. फिकट हिरव्या रंगाचे खडे असतात. तपकिरी, गंजकट झालेला माल घेऊ नका, तो वाया गेलेला असतो. एक लिटर पाण्यात ३ ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर लिंबूसत्व विरघळवायचं आणि शेंड्याचं एकच पिवळं पान त्यात बुडवून काढायचं. त्या फांदीला दोरा बांधून ठेवा. आठ-दहा दिवसांत ते पान बाकीच्यांपेक्षा हिरवं दिसायला लागलं, तर दुखणं लोहाचंच. माझ्या झाडावर नवव्या दिवशी ते एकच पान लांबून ओळखू येत होतं.

लोह मातीत असतंच

हे समजायला मला वेळ लागला. आपली काळी माती बेसॉल्टची, तिच्यात लोह भरपूर. पण मातीचा सामू (पीएच, सातच्या खाली माती आंबट, वर अल्कधर्मी) साडेसातच्या वर गेला, आणि त्यात चुनखडी असली, की ते लोह न विरघळणाऱ्या रूपात जातं आणि मुळांना घेता येत नाही. कण्हेर, तगर, बोगनवेल अशा मातीत मजेत राहतात. अनंत मूळचा दक्षिण चीन, तैवान, जपानकडचा, त्याला ५ ते ६.५ सामूची आंबट माती लागते. एक्झोरा त्याच कुळातला, कॉफीसुद्धा. एक्झोराची पानं पिवळी पडण्यामागेही बहुतेक वेळा हेच असतं, म्हणून खाली लिहिलेलं सगळं त्यालाही लागू धरा.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात तर एका बाजूचं औषध दुसऱ्या बाजूला चालत नाही. पश्चिमेकडे, गगनबावडा, राधानगरी, आजरा या भागात पाऊस इतका की शतकानुशतकं चुना धुऊन गेलाय, जांभ्याची तांबडी आंबट माती उरलीय. तिकडे अनंत, एक्झोरा अंगणात नुसते लावले तरी वाढतात. पूर्वेकडे शिरोळ, हातकणंगले पट्ट्यात काळी खोल जमीन, कुठे चुनखडीची, कुठे क्षारपड. शहर मधोमध. त्यामुळे राधानगरीच्या माहेराहून आणलेली फांदी तिकडे झोकात आणि इकडे केविलवाणी, यात हातगुणाचा काही संबंध नाही.

पाण्याचं काय होतं ते डोळ्यांनी बघायचं असेल तर हे करा. दोन काचेचे पेले घ्या. एकात बोअरचं पाणी, दुसऱ्यात एसीच्या नळीतून ठिबकणारं किंवा पावसाचं पाणी. दोन्हीत हिराकसची सारखीच चिमूट टाका, ढवळा आणि ठेवून द्या. आमच्याकडे एसीच्या पाण्याचा पेला तासाभरानेही जवळपास स्वच्छ होता. बोअरचा पेला गढूळला, मग नारिंगी झाला, आणि संध्याकाळपर्यंत तळाला गंजाचा गाळ बसला. तो गाळ म्हणजे झाडाच्या हातून गेलेलं लोह. कुंडीत आपण हिराकस नुसतं मातीत घालतो तेव्हा नेमकं हेच होतं. म्हणूनच "फेरस घातलं, चार दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच" अशी तक्रार येते.

मातीची परीक्षा त्याहून सोपी. कोरड्या मातीचं ढेकूळ बशीत घ्या आणि त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसून बुडबुडे आले तर मातीत चुना आहे. जरासुद्धा आवाज झाला नाही तर निदान मोकळी चुनखडी नाही. मग दोष पाण्याचा, निचऱ्याचा किंवा मुळांचा शोधायचा. सामूचा नेमका आकडा हवा असेल तर माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना द्या, शेतकऱ्यांच्या घरी हे नवीन नाही.

चुना कुठून येतो

आमच्या कॉलनीतल्या दहा-बारा झाडांकडे मी नीट बघितलं. सगळ्यात जास्त वेळा दोषी निघालं ते बोअरचं पाणी. ज्या पाण्याने बादलीला पांढरा थर चढतो आणि गिझरची कॉइल दर वर्षी जाते, तेच पाणी कुंडीत रोज थोडा थोडा चुना ओतत असतं. जानेवारी ते मे पाऊस जवळजवळ नाही, तेव्हा तो साठत जातो. जून ते सप्टेंबर पावसाच्या पाण्याने कुंडी धुऊन निघते आणि झाड हिरवं होतं. तुमचं कुंडीतलं झाड पावसात सुधारत असेल आणि उन्हाळ्यात बिघडत असेल, तर बाकी काही शोधण्याआधी पाणी बदला.

आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी झाडांना घालायची चांगल्या मनाची सवय अनेक घरांत आहे. पाणी वाया जाऊ नये हे खरंच. पण त्या नळीतून मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार बाहेर येतात. ते फरशी धुवायला वापरा, अनंताला नको. उलट एसीचं पाणी, ज्याकडे कुणी बघत नाही, ते जवळजवळ क्षारविरहित असतं. उन्हाळ्यात आमच्या एका एसीखाली रात्रभरात अर्धी बादली भरते आणि दोन कुंड्यांना पुरते.

दुसरी जागा म्हणजे कंपाउंडची भिंत. घर बांधून झालं की गिलाव्याचा राडारोडा भिंतीच्या कडेला गाडला जातो, वर चार बोटं लाल माती पसरली की बाग तयार. तिथे लावलेला अनंत पहिलं वर्ष ठीक, मुळं खाली गेली की पिवळा. शेजारच्या काकूंकडे हेच झालं होतं. वीतभर उकरल्यावर सिमेंटचे गोळे निघाले. त्यांनी तिथे कण्हेर लावली आणि अनंत मोठ्या कुंडीत हलवला. दोन्ही झाडं आता खूश आहेत. (कण्हेर विषारी असते, घरात रांगतं पोर असेल तर त्याचा हात पोचेल अशा ठिकाणी लावू नका.)

तिसरं, आपण मायेने घालतो ते. चुन्याची निवळी, अंड्याची टरफलं, चुलीची किंवा शेकोटीची राख, ही सगळी माती आंबट नाही, उलट अल्कधर्मी करतात. टोमॅटोला एखादे वेळी चालेल, अनंताला नाही. डीएपी आणि बोनमीलही थांबवा. दोन्हींत स्फुरद (फॉस्फरस) असतं, आणि ते जास्त झालं की लोहाचं शोषण आणखी अडतं. वापरलेल्या चहापत्तीवर लोकांचा फार विश्वास आहे. धुतलेली असेल तर घाला, तोटा नाही, पण साडेसातचा सामू सहावर आणायची ताकद तिच्यात नाही. दुधासाखरेची तशीच टाकलीत तर मुंग्या येतील, आणि मुंग्यांमागे मिलीबग (कापसासारखे पांढरे किडे).

काय केलं, कुठल्या क्रमाने

पहिल्यांदा पाणी. कुंडीतल्या झाडाला पावसाचं, एसीचं किंवा नदीचं म्हणजे नळाचं पाणी. बोअरशिवाय इलाज नसेल तर १० लिटरच्या बादलीत अर्ध्या लिंबाएवढा रस किंवा पाव चमचा लिंबूसत्व मिसळून द्या. हा कायमचा तोडगा नव्हे, पण उन्हाळा निभावतो.

मग औषध. झाड फार पिवळं असेल तर त्याला लगेच आधार लागतो. वर सांगितलेलं हिराकस-लिंबूसत्वाचं पाणी संध्याकाळी पानांवर फवारायचं, दर दहा दिवसांनी, तीन वेळा. उन्हात मारलं तर पानं करपतात. फरशीवर पडलं तर गंजाचे डाग पडतात आणि ते निघत नाहीत, म्हणून कुंडी बाहेर काढून मारा. मुळांसाठी मात्र चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूत धरून ठेवलेलं लोह) घ्या, आणि इथे पाकिटावरची अक्षरं वाचा. ईडीटीए लिहिलेलं असेल तर ते सामू साडेसहाच्या आसपासपर्यंतच नीट टिकतं, चुनखडीच्या मातीत त्याचा जोर जातो. ईडीडीएचए लिहिलेलं महाग असतं, पण चुनखडीतही लोह धरून ठेवतं. त्याचे दाणे काळपट लाल असतात, पाणी जांभळट लाल होतं. मी एका लिटरला १ ग्रॅम घेते, मोठ्या कुंडीला एक लिटर, तीन आठवड्यांनी पुन्हा. ते मातीतच द्यायचं, पानांवर नाही. दुकानदार "दोन्ही फेरसच" म्हणाला तरी मागचं लेबल बघूनच पैसे द्या.

अगदी पांढरी पडलेली पानं पुन्हा पूर्ण हिरवी होतीलच असं नाही. ती बघून निराश होऊ नका. नवी फूट कशी येते ते बघा. आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात नवी पानं पोपटी आली आणि महिन्याने गडद झाली.

आणि शेवटी माती, कारण ती बदलली नाही तर औषध जन्मभर घालावं लागतं. जूनच्या पहिल्या पावसानंतर कुंडी बदला. मी जांभ्याकडची तांबडी माती दोन भाग, कुजलेला पालापाचोळा एक भाग, धुतलेलं कोकोपीट एक भाग आणि भाताचं तूस ओंजळभर असं घेतलं. वर उसाचं पाचट बारीक करून चार बोटं पसरलं. अनंताची मुळं वरच्यावर असतात, त्यामुळे खुरप्याने खोल खणू नका, पाचटाचं पांघरूण पुरे. पुढे पावसाळ्यात महिन्यातून एकदा अमोनियम सल्फेटचा अर्धा चमचा पाण्यातून देते. त्याने नत्रही मिळतं आणि माती थोडी आंबटही राहते. गंधकाची भुकटी घालून सामू उतरवता येतो, पण ते काम मातीतले जीवाणू करतात आणि त्याला महिने लागतात. व्हिनेगरने फसफसणाऱ्या मातीत तर गंधक आधी चुना संपवण्यातच जातं. तिथे माती बदलणंच स्वस्त.

कुंडी बदलताना मुळांचा गोळा नक्की बघा. माझं दुसरं झाड का मेलं ते मला उपटल्यावर कळलं. एका नर्सरीतून आणलेलं झाड लाल चिकणमातीच्या गोळ्यात बांधलेलं होतं, मी तसंच लावलं. दीड वर्षाने काढलं तर गोळा विटेसारखा घट्ट, आत कोरडा ठणठणीत, आणि मुळं त्याच्याभोवती सुतळीच्या बंडलासारखी गुंडाळलेली. मी रोज पाणी घालत होते आणि ते गोळ्याच्या कडेने खाली निघून जात होतं. आता नवीन झाड आणलं की गोळा बादलीत अर्धा तास बुडवून ठेवते आणि बाहेरची माती बोटांनी हळूहळू सोडवते. मुळांवर गाठी-गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमी (मुळांत शिरणारे बारीक जंत), ती माती बागेत इतरत्र टाकू नका.

कळ्यांचं वेगळं

पानं हिरवी झाली की निम्मी कळीगळ आपोआप थांबते. उरलेली कशाने होते ते कळीकडे बघून ओळखता येतं.

लहान हिरवी कळी पिवळी होऊन पटकन गळते, तेव्हा पाण्यात खंड पडलेला असतो किंवा उष्णता सोसलेली नसते. एप्रिलमध्ये आपल्याकडे दुपार ३८ अंशांच्या पुढे जाते, त्यात टेरेसच्या काँक्रीटवर काळी प्लास्टिकची कुंडी म्हणजे मुळं उकडतात. सकाळचं चार-पाच तास ऊन आणि दुपारी सावली अशी जागा द्या, कुंडी विटांवर ठेवा, पाणी रोज एकाच वेळी. रात्रीसुद्धा उकाडा असेल तर थोड्या कळ्या जातातच, अनंताला कळी धरायला थंड रात्र आवडते. वळीव होऊन हवा निवली की नंतर आलेल्या कळ्या टिकतात. म्हणून एप्रिलच्या गळतीवर घाबरून औषधं ओतू नका.

कळी मोठी होते, पांढरी दिसायला लागते, आणि मग न उमलता तपकिरी होऊन तिथेच चिकटून राहते, तर ती फोडून पांढऱ्या कागदावर झटका. सुईच्या टोकाएवढे पिवळट, काळपट किडे पळताना दिसले तर फुलकिडे. अशा कळ्या तोडून पिशवीत बांधून टाका आणि लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल, थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा, आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा. पानांवर काजळीसारखी काळी पूड असेल तर पानामागे पांढरी माशी किंवा मिलीबग शोधा. काजळी त्यांच्या चिकट रसावर येते, किडे गेले की तीही जाते.

भरल्या कळ्यांचं झाड नर्सरीतून आणलं आणि आठवड्यात सगळ्या गळल्या, हे तर जवळजवळ ठरलेलंच. जागा, ऊन, हवा सगळं एकदम बदलतं. कळ्या धरल्यावर कुंडी इकडची तिकडे करू नका, फिरवूसुद्धा नका. छाटणीही फुलांचा बहर संपल्या संपल्या, पावसाळा उतरताना करा. हिवाळ्यात कात्री लावली तर पुढच्या कळ्याच कापल्या जातात.

जमिनीत लावलेल्यांसाठी

वरचं बरंचसं कुंडीचं झालं. काळ्या जमिनीत अनंत असेल आणि तो उलट पावसातच पिवळा पडत असेल, तर पाणी साचतंय. मुळं हवेवाचून गुदमरली की लोह असूनही घेता येत नाही, आणि नंतर ती कुजतात. जुलैच्या झडीत झाडाजवळ हातभर खड्डा करून बघा, तासाभराने पाणी भरलेलं दिसलं तर जागा चुकली. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर नदीकाठच्या घरांत अशी बरीच झाडं हळूहळू वाळत गेली. पाणी ओसरल्यावर पानं हिरवी होती, दोन-तीन आठवड्यांनी माना टाकल्या. अशा जागी फूटभर उंच वाफा विटांनी बांधून त्यात तांबडी माती भरायची आणि झाड त्यात लावायचं. आसपासची काळी माती बदलण्याच्या फंदात पडू नका. चुनखडीच्या जमिनीत खड्डा करून चांगली माती भरली तरी बाजूचं पाणी चुना घेऊन आत येतंच.

आत्ता तुमच्याकडे झाड पिवळं असेल तर आजच एक पान हिराकसच्या पाण्यात बुडवून दोरा बांधा आणि आरओची नळी कुंडीतून काढा. कुंडी बदलायला पावसाची वाट बघितली तरी चालेल.